मुसळाला लावलेला टॅग

मनिषा मुसळ घेऊन बसमध्ये चढली, तेव्हा कंडक्टरने आधी मुसळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तिकीट एक काढायचं की दोन अशा विचारात पडल्यासारखा तो उभा राहिला.

"ताई, कोणाच्या डोक्यात घालायला निघालात?"

"क्लासला चाललेय," मनिषा म्हणाली.

उत्तर अगदी खरं होतं, पण कंडक्टरला ते पटलं नाही. त्याने तिकीट फाडून दिलं आणि पनवेल येईपर्यंत तो त्या सीटकडे फिरकला नाही. नेऱ्याहून पनवेलला येणाऱ्या बसने आजवर भाजी पाहिली, कोंबड्या पाहिल्या, एकदा तर शिलाई मशीन पाहिलं. पण आंब्याच्या टहाळ्याशिवाय, उखळाशिवाय एकटं प्रवासाला निघालेलं मुसळ तिने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

झालं होतं असं, की मनिषा ज्या गोदामात माल तपासायच्या कामाला होती, तिथे आता खोक्यांवर नव्या तऱ्हेचे टॅग लागणार होते. पळस्प्याच्या बाजूचं गोदाम, छपराला नजर पोचू नये एवढं उंच. तिथे रोज एकेका खोक्यावरच्या रेघांवर लाल उजेड मारत फिरायचं, हे तिचं काम. आता म्हणे ते बंद. खोकी ट्रकमधून उतरून दारातून नुसती आत गेली, की दारालाच कळणार कोण कोण आलं. हे शिकण्यासाठी कंपनीने पनवेलमध्ये एक हॉल घेऊन क्लास लावला होता, आणि शिकवायला कामोठ्याची प्रांजल नावाची एक इंजिनिअर मुलगी यायची. वयाने मनिषाच्या लेकीपेक्षा, रियापेक्षा फार मोठी नसेल. मनिषाने मनातल्या मनात कपाळाला हात लावला होता. बारावीनंतर पुस्तकाला पाठ दाखवलेली बाई, आता रेडिओच्या लहरी शिकणार!

पण पहिल्याच दिवशी काहीतरी विलक्षण झालं होतं.

प्रांजलने प्रत्येकाच्या हातात एकेक स्टिकर ठेवलं. पातळ, पारदर्शक. त्यात चंदेरी पट्टी वेड्यावाकड्या वळणांनी गेलेली आणि बरोबर मधोमध एक काळा ठिपका, मोहरीपेक्षाही लहान.

"हा ठिपका म्हणजे चिप. आणि ही चंदेरी पट्टी म्हणजे अँटेना," प्रांजल म्हणाली.

मनिषाने स्टिकर उलटंपालटं केलं. "आणि सेल कुठे बसतो?"

"सेल नाहीच."

"मग वायर?"

"वायर पण नाही."

"मग हा बोलतो कशाच्या जोरावर?"

प्रांजल हसली. तिला बहुधा हाच प्रश्न हवा होता. "विचारणाऱ्याच्या जोरावर," ती म्हणाली. "हा आपला आपण काहीच करू शकत नाही. वर्षानुवर्षं नुसता पडून राहील. पण रीडर जेव्हा हवेत लहरी सोडतो, कोण आहे, कोण आहे असं विचारतो, तेव्हा त्या लहरींमधूनच ही अँटेना चिमूटभर वीज गोळा करते. तेवढ्यावर चिप जागी होते. आणि उत्तर द्यायलाही तिच्याकडे स्वतःचं काही नसतं. आलेली लहरच ती कमीजास्त करून परत धाडते. लहानपणी आरशाने भिंतीवर कवडसा पाडायचो ना? ऊन सूर्याचं. आपण फक्त आरसा हलवायचा."

"आणि सांगतो काय?"

"फक्त आपली ओळख. मी अमुक. बस, एवढंच."

मनिषाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने आजूबाजूला पाहिलं. बाकीचे लोक फोटो काढत होते, जांभया देत होते. एवढी मोठी गोष्ट ऐकून यांना जांभया येतात तरी कशा? जे विचारतंय, तेच उत्तर द्यायचं बळ पुरवतंय. म्हणजे प्रश्नातच अन्न आहे. ती स्टिकरकडे बघत राहिली, आणि मग देवाचा अंगारा बांधावा तसं ते रुमालात बांधून तिने पर्समध्ये ठेवलं. प्रांजलने ते पाहिलं, पण ती हसली नाही. नंतर चहाच्या वेळी जवळ येऊन हळूच म्हणाली, "मला पण कॉलेजात पहिल्यांदा समजलं ना, तेव्हा रात्रभर झोप नव्हती आली."

त्या संध्याकाळी मनिषा घरी गेली, तेव्हा सासू नेहमीसारखी खिडकीपाशी बसलेली होती.

गंगाबाई म्हणजे नेऱ्याच्या पंचक्रोशीतली धवलारीण, लग्नविधींचे धवळे म्हणजे गाणी म्हणणारी. आगऱ्यांच्या घरात लग्न असलं की भटजी नंतर, धवलारीण आधी. हळद कांडण्यापासून नवरी वाटेला लावेपर्यंत प्रत्येक विधीचा वेगळा धवळा, आणि ते सगळे गंगाबाईच्या तोंडात. कुठल्या देवाला कोणत्या नावाने हाक मारायची, मांडवाखाली पूर्वजांना कसं बोलवायचं, मुसळाला हात लावणाऱ्या बायांची नावं गाण्यात कशी ओवायची, हे तिला जसं ठाऊक होतं तसं दुसऱ्या कोणालाच नव्हतं. कोणी शिकलंही नाही. सगळ्यांना वाटायचं, गंगाबाय हाय ना.

आणि गणपती गेल्यावर एका सकाळी गंगाबाईच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हातपाय सावरले. वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही येणार. खायला दिलं की खायची, उठवलं की उठायची, पण तोंडातून शब्द नाही, आणि डोळ्यांत ओळख नाही. मनिषाकडे ती भिंतीकडे बघावं तशी बघायची. मनिषाला तेच सगळ्यात जास्त लागायचं. एवढी वर्षं एका चुलीवर भांडलो, एका ताटात जेवलो, आणि आता मी कोण हेही हिला ठाऊक नाही.

त्यात वैशाखात रियाचं लग्न ठरलं. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून रियाने वचन घेतलं होतं, माझ्या हळदीला तूच गायचं, दुसरं कोणी नाही. आता ती रोज बँकेतून आली की आजीसमोर बसायची आणि काही न बोलता तिचे पाय चेपायची. येणारे-जाणारे मात्र बोलायचे. नुसते बोलायचे नाहीत, ओरडायचे. "गंगाबाय! वलखलास का मना? मी कोन? एक धवला म्हना ना!" म्हातारी बहिरी झालेली नव्हती, पण सगळे तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचे. कोणी मोबाइलवर जुनी रेकॉर्डिंग लावायचं. गंगाबाई पापणीसुद्धा हलवायची नाही.

मुसळाची गोष्ट आली ती यानंतर. प्रांजलने चिठ्ठ्या टाकल्या होत्या. कोणी पत्र्याचं काही आणायचं, कोणी पाण्याने भरलेलं, कोणी कापडाचं. प्रत्येकावर टॅग लावून बघायचा. मनिषाच्या चिठ्ठीत 'लाकूड' निघालं. घर नवं, फर्निचर सगळं पत्र्याचं नाहीतर प्लायवूडचं. शोधता शोधता तिला माळ्यावर सासूचं मुसळ सापडलं. ते खाली काढताना भिंतीला लागून ठक्क आवाज झाला, आणि मनिषाने सहज वळून पाहिलं तर गंगाबाईची मान फिरली होती. ती मुसळाकडे बघत होती. अगदी क्षणभर, मग पुन्हा खिडकी.

क्लासमध्ये मुसळ पाहून हशा पिकला. मनिषाने मोठ्या ऐटीत टॅग चिकटवला तो नेमका टोकाच्या लोखंडी कड्यावर, आणि मुसळ खांद्यावर घेऊन दारासारख्या उभ्या केलेल्या रीडरमधून गेली. काही नाही. परत गेली. काही नाही.

"आवाज वाढवा की त्याचा," मागून कोणीतरी म्हणालं.

प्रांजलने रीडरचा जोर वाढवला. टॅग गप्पच. "जोर वाढवून उपयोग नाही," ती म्हणाली. "लोखंडाला चिकटला की तो बधिर होतो. त्याला वर घ्या, लाकडावर."

मनिषाने टॅग काढून मुसळाच्या मध्यावर, जिथे हात धरून धरून लाकूड गुळगुळीत झालं होतं, तिथे लावला. ती पुढे पाऊल टाकते न टाकते तोच टिंग वाजलं आणि पडद्यावर त्याचा नंबर उमटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मनिषाच्या डोळ्यांत उगाचच पाणी आलं. चिमूटभर काळा ठिपका, त्याला कोणी विचारलं, आणि तो म्हणाला, मी आहे.

मग प्रांजलने आपल्या गळ्यातलं ऑफिसचं कार्ड काढलं. "यातसुद्धा असाच टॅग आहे. सेल नाही, काही नाही." ती कार्ड घेऊन त्याच दारातून गेली. शांतता. पुन्हा गेली. शांतता.

"बिघडलंय," मनिषा म्हणाली.

प्रांजल हॉलच्या दाराशी असलेल्या एका छोट्या डबीजवळ गेली आणि कार्ड तिच्या अंगाला लावलं. टिंग.

"बिघडलेलं नाही हो. त्या मोठ्या दाराची लहर वेगळी, याची वेगळी. ते कितीही मोठ्याने विचारू दे, याच्यापर्यंत काही पोचतच नाही. याला याच्याच लहरीत विचारायला लागतं. आणि लांबून नाही, अगदी जवळ जाऊन."

पुढे प्रांजल काय बोलली ते मनिषाच्या डोक्यात शिरलं नाही. तिला दिसत होती खिडकीपाशी बसलेली म्हातारी, आणि तिच्या कानाशी ओरडणारी माणसं.

घरी आल्या आल्या तिने मुसळ गंगाबाईसमोर ठेवलं. गंगाबाईचा हात हळूच पुढे आला. तिची बोटं लाकडावरून फिरली, टॅगपाशी जरा थबकली, हे काय नवीन म्हणून, आणि मग गुळगुळीत जागी मूठ बसली. मनिषा पुढे सरकली. तिला राहवलं नाही. "आई, म्हणता का? एक ओळ?"

हात मागे गेला.

काशीराम, मनिषाचा नवरा, दारात उभा राहून बघत होता. "तशी नाय म्हनायची ती," तो म्हणाला. "आई फुकटचा धवला कवाच म्हनली नाय. मी लहान असताना हट्ट धरलेला, तर पाठीत रट्टा दिलान. म्हनली, देवाला हाक मारायची, तं तो येनार. आला तं त्याला बसवायला मांडव नको?"

मनिषाने मुसळ बाजूला घेतलं. म्हणजे आजवर सगळ्यांनी हेच केलं होतं. ना मांडव, ना नवरी, ना हळद. आणि खिडकीपाशी बसवून म्हणे गा. तिने तर आत्ताच, डोळ्यांदेखत तेच केलं होतं.

"हळदीच्या दिवशीच विचारायचं," ती म्हणाली. "तवर कोणी तिला छळायचं नाय."

"आन् नाय म्हनली तं?" काशीरामचा चेहरा उतरला. "डीजेवाल्याच्या पेन ड्राइव्हमदी धवले हाईत, मी त्याला सांगून ठेवलंय. सगला गाव असनार गो. भर मांडवात सगले तिच्या तोंडाकडं बघत बसतील, आन् ती नुसती बसंल. माझ्या आईचं हसं झालेलं मना नाय चालनार."

त्याचं चुकत नव्हतं. मनिषाला ते कळत होतं, आणि म्हणूनच तिला भीती वाटत होती. पेन ड्राइव्ह लावला तर हळद सुरळीत पार पडणार होती. नाही लावला, आणि गंगाबाई गप्प राहिली, तर रियाच्या हळदीला धवळा नाही आणि म्हातारीची शोभा. आणि एकदा अशी शोभा झाली की तिला पुन्हा मांडवात कोण नेणार?

"एकदा नीट विचारू," ती एवढंच म्हणाली. "आपण नीट विचारलेलंच नाय अजून."

हळदीच्या दिवशी दुपार उतरली तसा मांडव माणसांनी भरला. काशीरामने हौसेने स्टेज बांधलं होतं, पंखे लावले होते, आणि आईसाठी स्टेजच्या बाजूला लाल कापड घातलेली मोठी खुर्ची ठेवली होती. गंगाबाईला नवं लुगडं नेसवून त्या खुर्चीवर बसवलं. मांडवाच्या मधोमध उखळ. मुसळाला आंब्याचे टहाळे बांधलेले. टॅग काढायचा राहूनच गेला होता. पानांखाली तो कोणाला दिसतही नव्हता.

रिया पाटावर येऊन बसली. मनिषाने डीजेवाल्याला खूण केली. भोंगे बंद झाले आणि मांडवात एकदम अवघडल्यासारखं झालं. हळकुंडं उखळात पडली, सुवासिनींनी मुसळाला हात लावले. सगळ्यांत वर मनिषाचा हात.

ठक्क.

सगळे खुर्चीकडे बघायला लागले. गंगाबाई पंख्याच्या वाऱ्यात बसली होती. ठक्क. पुन्हा ठक्क. तिची नजर कुठेतरी लांब, मांडवाच्या झालरीवर. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली. कोणीतरी मागून ओरडलंच, "गंगाबाय, म्हना की!" काशीरामने मान खाली घातली, आणि डीजेवाल्याच्या दिशेने त्याचा हात उचलला गेला.

रियाने आईकडे पाहिलं.

मनिषाने मुसळ थांबवलं. लांबून नाही, अगदी जवळ जाऊन. डोक्यात ते वाक्य एवढं स्पष्ट उमटलं, की जणू प्रांजल शेजारी उभी राहून बोलली. गंगाबाई खुर्चीवर बसून कधी गायली होती? जन्मात नाही. ती उखळाला गुडघा टेकवून जमिनीवर बसायची, एक हात भुईवर पालथा ठेवून. हिला मान द्यायच्या नादात आपणच हिला भुईपासून वर उचलून ठेवलं होतं.

"खुर्ची कशाला पायजे!" मनिषा म्हणाली, आणि सरळ जाऊन तिने सासूला काखेत धरून उठवलं. काशीराम धावला. दोघांनी तिला उखळाजवळ आणलं, जमिनीवर बसवलं. मनिषाने तिचा गुडघा उखळाला लागेल असा सरकवला, हात धरून भुईवर पालथा ठेवला, आणि परत मुसळाला हात घातला. ती काहीही म्हणाली नाही. फक्त कांडलं.

ठक्क.

या वेळी तो घाव भुईतून गेला. मनिषाच्या तळपायांना तो लागला, तसा गंगाबाईच्या तळहातालाही लागला असणार. ठक्क. म्हातारीची बोटं हलली. ठक्क. बोटं आता भुईवर ठेका धरत होती, चुकत, मागे पडत, पुन्हा गाठत. हळदीचा वास वर आला. ठक्क. तिचे ओठ विलग झाले आणि त्यातून एक खरखर बाहेर पडली, विहिरीचा रहाट खूप दिवसांनी ओढावा तशी.

कुजबुजणाऱ्या बाया पुढे सरकल्या.

खरखरीतून सूर निघाला. बारीक, कापरा, पण सरळ. मग शब्द. गंगाबाईने आधी गावदेवीला हाक मारली. मग शिवेवरच्या देवाला. मग आपल्या सासूला, सासऱ्याला, नवऱ्याला, एकेकाला नावाने, या, मांडवात बसा, नातीची हळद हाय. एक नाव चुकलं नाही, एक जागा रिकामी राहिली नाही. काशीराम तोंडावर टॉवेल दाबून उभा होता. रिया हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. म्हाताऱ्या बायांनी हात जोडले होते, आणि जोडावेत असंच ते होतं. एवढे महिने हे सगळं आतच होतं. काही गेलं नव्हतं, काही बिघडलं नव्हतं. मनिषाला वाटलं, आपल्या हातातल्या लाकडातून आपण काहीतरी पाठवतोय आणि तिथून ते कितीतरी मोठं होऊन परत येतंय.

देवांना, पूर्वजांना बोलावून झालं. आता धवळ्यात कांडणाऱ्यांची नावं. मनिषाला तो भाग ठाऊक होता. हळद कोण कांडते, असं धवलारीण विचारते, आणि मग आपणच एकेकीचं नाव ओवते. दरवेळी वेगळी नावं, पाठ केलेली नव्हेत. समोर बघून घ्यायची. इथे ती अडणार. देव जुने, पूर्वज जुने. पण समोर कोण उभं आहे हे तिला कुठे ठाऊक आहे?

गंगाबाईने सूर लांबवला. हळद कोन कांडते गो, कोन कांडते? आणि मान वर केली. तिची नजर मुसळावरून वर चढली, टहाळ्यांवरून, हातांवरून, आणि सगळ्यांत वरच्या हातापाशी येऊन मनिषाच्या तोंडावर थांबली. भिंतीकडे बघावं तशी नाही. माणसाकडे बघावं तशी.

"हळद कांडते मनिषा," गंगाबाई गायली, "माझे घरची लक्षुमी कांडते."

मनिषाचं मुसळ हवेतच राहिलं. बाकीच्यांचे हात त्याला लागलेले, पण तिने ते खाली येऊच दिलं नाही. तिला काही दिसेना. पुऱ्या मांडवात तिला फक्त आपलं नाव ऐकू येत होतं, एवढ्या महिन्यांनी, त्याच तोंडातून.

ठेका तुटला. गंगाबाई थांबली, तिच्या कपाळाला आठी पडली, आणि तिने भुईवर चापटी मारली. मंद हाताने कांडणाऱ्या सगळ्या सुना-लेकींना दटावायला ती जन्मभर मारत आली तशी.

"कांड गो!" ती म्हणाली.

मनिषाने डोळे खांद्याला पुसले आणि मुसळ खाली आणलं.